आम्ल, अल्क आणि चिमूटभर राख

लिंबू आंबट असतें हें कळावयास रसायनशास्त्राची गरज नाहीं. तरीपण आहारशास्त्रावरील कोष्टकें उघडून पाहिलीं, तर लिंबाची गणना ‘अल्कधर्मी’ पदार्थांत केलेली आढळते. आणि ज्यांच्यांत आंबटपणाचा लवलेशहि नाहीं असे भात, पोळी, अंडें हे पदार्थ मात्र ‘आम्लधर्मी’ म्हणून दाखविलेले असतात. वाचणारा गृहस्थ प्रथम गोंधळतो, मग विद्वानांचें म्हणणें म्हणून मान डोलावतो, आणि पुढें कोणीतरी त्याला सांगतें कीं, आम्लधर्मी अन्नानें रक्त आंबतें, आंबलेल्या रक्तांत सारे रोग रुजतात, सबब अल्कधर्मी खा आणि निरोगी व्हा. हें शेवटचें वाक्य जितकें सोपें, तितकेंच तें फसवें आहे. परंतु त्याचें मूळ मात्र खोटें नाहीं. एक खरें निरीक्षण प्रयोगशाळेंतून निघून स्वयंपाकघरांत येईपर्यंत कसें बदलत गेलें, याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ राखेपासून होतो. ‘अल्कली’ हा शब्द मूळचा अरबी. समुद्रकांठच्या खारट वनस्पति जाळून जी राख उरते, ती या शब्दानें दाखविली जात असे. साबण आणि कांच करणाऱ्यांना ती लागे. आपल्याकडे हें ज्ञान वैद्यांनीं फार पूर्वींच हस्तगत केलें होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील अकरावा अध्याय सबंध क्षार तयार करण्याच्या विधीला वाहिलेला आहे. पळस, केळ, रुई, आघाडा अशा वनस्पति जाळाव्या, त्यांची राख पाण्यांत कालवून गाळावी, तें पाणी आटवावें आणि त्या क्षारानें मूळव्याधीसारखे रोग जाळावे, असा तो विधि आहे. क्षारानें भाजलेल्या जागेचा दाह आंबट द्रव्यांनीं शमतो, हेंहि तेथें सांगितलें आहे, आणि आंबट व क्षार एकत्र आले असतां दोघांचाहि तीक्ष्णपणा कां मावळतो याची मीमांसाहि केली आहे. चरकानें तर विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत बजावून ठेविलें कीं, पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन वस्तु अतिप्रमाणांत सेवन करूं नयेत. आज जो उपदेश ‘अल्क जितकें अधिक तितकें चांगलें’ असें सांगतो, त्यानें चरकाचा हा इशारा वाचलेला नसावा.

आम्ल आणि अल्क यांचा तोल हा जीवनमरणाचा प्रश्न होऊं शकतो, हें युरोपला प्रथम पटकीनें शिकविलें. १८१७ सालीं बंगालमधून निघालेली पटकीची सांथ पुढें देशोदेशीं पसरली आणि १८३१ सालीं इंग्लंडांतील संडरलंड बंदरांत पोंचली. विल्यम ओशॉनेसी नांवाच्या अवघ्या २२ वर्षांच्या आयरिश डॉक्टरानें तेथें जाऊन रोग्यांचें रक्त तपासलें. त्या रक्तांतील पाणी, मीठ आणि अल्क हीं तिन्ही मोठ्या प्रमाणांत नाहींशीं झाल्याचें त्याला आढळलें. जें गेलें तें परत द्यावें, हा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षीं स्कॉटलंडमध्यें लीथ येथें थॉमस लॅटा यानें मीठ आणि सोडा मिसळलेलें पाणी रोग्यांच्या शिरांत सोडलें, आणि मरणाच्या दारीं पोंचलेलीं कांहीं माणसें उठून बसलीं. परंतु जंतूंची कल्पना त्या काळीं नव्हती, सुया व पाणी निर्जंतुक नसत. लॅटाहि लौकरच वारला, आणि ही विद्या अनेक दशकें अडगळींत पडली. ओशॉनेसी १८३३ सालीं कलकत्त्यास आला आणि तेथील मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागला. त्याच कलकत्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं लिओनार्ड रॉजर्स यांनीं शिरेंतून मिठाचें पाणी देण्याची पद्धत पुन्हां उभी केली. मनिला येथें अँड्र्यू सेलार्ड्स यांनीं १९१० च्या सुमारास पटकीच्या रोग्यांना अल्काची किती मोठी गरज असते हें दाखविलें. तेव्हां रक्ताचा तोल आम्लाकडे ढळणें ही कवडीमोल कल्पना नव्हे. परंतु तो ढळतो पटकीसारख्या दारुण रोगानें. दोन घांस भात अधिक खाल्ल्यानें नव्हे.

आतां अन्नाकडे वळूं. अन्नाचा आणि आम्लाचा संबंध प्रथम नीट दाखविला तो पॅरिसमधील क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञानें. बाजारांतून आणलेले कांहीं ससे त्याच्या प्रयोगशाळेंतील टेबलावर ठेविलेले होते. त्यांचें मूत्र स्वच्छ आणि आम्ल आहे, हें त्याच्या सहज लक्षांत आलें. गवत खाणाऱ्या प्राण्याचें मूत्र गढूळ आणि अल्कधर्मी असावयाचें. स्वच्छ आणि आम्ल मूत्र हें मांसाहारी प्राण्यांचें लक्षण. मग या सशांनीं मांस कोठें खाल्लें? बर्नारनें तर्क केला कीं, हे प्राणी बराच वेळ उपाशी असावेत आणि उपाशी प्राणी स्वतःच्याच मांसावर जगतो. त्यानें त्यांना गवत दिलें. मूत्र गढूळ व अल्कधर्मी झालें. पुन्हां उपाशी ठेविलें. तें स्वच्छ व आम्ल झालें. शेवटीं त्यांना शिजवून थंड केलेलें गोमांस चारलें. मूत्र आम्लच राहिलें. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक वैद्यकावरील आपल्या ग्रंथांत ही हकीकत त्यानें दिली आहे, आणि शास्त्रीय विचार कसा करावा याचा तो एक नमुना समजला जातो.

उपासांत शरीर स्वतःलाच जाळतें आणि त्यांतून आम्लें निर्माण होतात, हें तत्त्व आपल्याकडील एका प्रसिद्ध प्रसंगींहि आठवावें असें आहे. १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनीं उपोषण केलें, तेव्हां ते पाण्याबरोबर मीठ आणि खाण्याचा सोडा घेत असत. त्या चिमूटभर सोड्यामागें हेंच शरीरशास्त्र होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बर्नारनें सशांचें मूत्र तपासलें होतें, रक्त नव्हे. या दोहोंतील अंतर पुढें कित्येकांच्या नजरेंतून निसटलें, आणि पुष्कळसा घोटाळा तेथूनच झाला.

रक्तांत आम्ल वाढलें तर काय होतें, याचा शोध जर्मन वैद्यांनीं घेतला. १८७४ सालीं आडोल्फ कुसमाउल यानें मधुमेहाच्या बेशुद्ध रोग्यांचा खोल आणि घाईचा श्वास वर्णन केला. १८७७ सालीं स्ट्रासबुर्ग येथें फ्रीड्रिख वाल्टर यानें सशांना पातळ आम्ल पाजलें. त्यांचा श्वास तसाच कष्टाचा झाला आणि ते मेले. परंतु वेळींच शिरेंतून सोडा दिला तर मरणोन्मुख ससाहि सांवरला. मधुमेहाच्या मूर्च्छेचें कारण शरीरांत सांचणारीं आम्लें आहेत हें लौकरच सिद्ध झालें, आणि नाउनिन यानें या अवस्थेला ‘अॅसिडोसिस’ हें नांव दिलें. मग डॉक्टरांनीं अशा रोग्यांना भरमसाट सोडा देऊन पाहिला. ससा वांचला होता. माणूस मात्र बहुधा वांचला नाहीं. कारण आम्ल हें रोगाचें मूळ नव्हतें, रोगाचा परिणाम होता. मूळ कारण इन्शुलिनचा अभाव. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें एका मुलाला इन्शुलिन टोंचलें गेलें, तेव्हां कोठें या रोगावर खरा इलाज सांपडला. धूर दिसला म्हणून धुरावरच पाणी ओतून आग विझत नाहीं, हा या प्रकरणाचा बोध आहे.

यानंतर मोजमापाचें युग आलें. अमेरिकेंत हार्वर्ड येथें लॉरेन्स हेंडरसन यांनीं १९०८ सालीं रक्तांतील कार्बोनिक आम्ल आणि सोड्याचा क्षार यांची जोडी तोल कसा सांवरते याचें गणित मांडलें. १९०९ सालीं कोपनहेगन येथें, कार्ल्सबर्ग या बियरच्या कारखान्यानें स्थापिलेल्या प्रयोगशाळेंत, सोरेनसेन या रसायनज्ञानें आम्लता मोजण्याची एक मोजपट्टी तयार केली. तिला ‘पीएच’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘सामू’ असा शब्द आहे. या पट्टीवर सात हा मध्यबिंदु. खालीं आम्ल, वर अल्क. आणि प्रत्येक पायरीगणिक दहापट फरक. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अगदीं अरुंद पट्ट्यांत असतो. म्हणजे रक्त स्वभावतःच किंचित् अल्कधर्मी आहे. मूत्राचा सामू मात्र साडेचारपासून आठपर्यंत कोठेंहि फिरतो. जठरांतील रस तर इतका आम्ल असतो कीं, जेवणांतील अल्क तेथें पोंचतांच त्यांत विरून जातें.

आतां राख पुन्हां आपल्या कथेंत प्रवेश करते. १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील हेन्री शर्मन आणि अलेक्झांडर गेटलर यांनीं नाना प्रकारचे खाद्यपदार्थ घेऊन त्यांतील खनिज द्रव्यांचा हिशेब केला. पदार्थ पूर्ण जळाला असतां मागें काय उरतें? पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा भरणा अधिक असेल तर राख अल्कधर्मी. गंधक, फॉस्फरस, क्लोरीन अधिक असतील तर ती आम्लधर्मी. मांस, मासे, अंडीं आणि धान्यें या दुसऱ्या वर्गांत पडलीं. फळें, बटाटे आणि पालेभाज्या पहिल्यांत. लिंबाचें कोडें येथें सुटतें. लिंबांतील आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. तें आम्ल मुशींत काय किंवा शरीरांत काय, जळून जातें आणि त्याचा वायु व पाणी होतें. मागें उरतें तें मुख्यतः पोटॅशियम. तेव्हां जिभेचें म्हणणेंहि खरें आणि राखेचें म्हणणेंहि खरें. दोघी वेगवेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत आहेत, इतकेंच. दोन वर्षांनीं, १९१४ सालीं, ब्लॅदरविक यांनीं माणसांवर प्रयोग करून आहार बदलला कीं मूत्राची आम्लता बदलते हें दाखविलें, आणि सुकविलेल्या आलुबुखाऱ्यासारखीं कांहीं फळें या नियमाला अपवाद आहेत हेंहि नोंदविलें.

येथपर्यंत सारें शास्त्रशुद्ध होतें. परंतु मुशींतील राखेवरून रक्ताचें भाकित करण्याचा मोह अनावर ठरला. ड्रेस्डेनजवळील एका आरोग्यधामांत राग्नार बर्ग या स्वीडिश रसायनज्ञानें रोजच्या अन्नांत अल्काचें आधिक्य हवेंच असा आग्रह धरला. अमेरिकेंत विल्यम हॉवर्ड हे नांवाच्या डॉक्टरानें १९२९ सालीं व पुढें १९३३ सालीं लोकप्रिय पुस्तकें लिहून शरीरांत सांचणारें आम्ल हेंच रोगांचें मूळ असल्याचें प्रतिपादन केलें, आणि पिष्टमय अन्न व मांस, अंडीं यांसारखें अन्न एका जेवणांत एकत्र खाऊं नये असा नियम घालून दिला. स्वतः निसर्गानें डाळींत आणि गव्हांत पिष्ट व प्रथिन एकत्रच ठेविलें आहे, ही अडचण त्यांच्या अनुयायांना जाणवली नाहीं. सोपें कोष्टक, दोन रकाने, एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला शत्रु: अशी विद्या प्रसाराला फार सोयीची असते.

मग शरीर करतें तरी काय? सामान्य आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरांत अन्नापासून रोज जें स्थिर आम्ल उरतें, त्याचें माप त्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें एक मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे एकंदर पन्नास ते शंभरपर्यंत असतें. त्याच दिवसांत त्याच्या पेशी कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपानें सुमारें पंधरा हजार मिलिमोल इतकें आम्ल निर्माण करतात, आणि फुप्फुसें तें श्वासागणिक बाहेर टाकतात. अन्नाचें आम्ल या ओझ्यापुढें कितीसें? तेंहि रक्तांतील सोड्याचा क्षार प्रथम झेलतो, आणि मग मूत्रपिंडें तें फॉस्फेट व अमोनिया यांच्या सोबतीनें मूत्रांतून बाहेर पाठवितात. म्हणून मांस खाल्ल्यावर मूत्र आम्ल होतें तें शरीर बिघडल्याचें चिन्ह नसून, शरीर आपलें काम चोख बजावीत असल्याचें चिन्ह आहे. घर झाडून कचरा दाराबाहेर ठेविला, तर त्या कचऱ्यावरून घर घाणेरडें आहे असा निर्णय कोणी देईल काय? रंगीत कागदाच्या पट्टीनें मूत्र तपासून आपलें रक्त आंबलें असें मानणारे लोक नेमका हाच निर्णय देत असतात.

अल्क निरुपद्रवी आहे, हीहि समजूत अनुभवानें खोटी ठरली. १९१५ च्या सुमारास शिकागोचे बर्ट्रम सिप्पी यांनीं जठरव्रणावर तासातासानें दूध आणि अल्कचूर्णें देण्याचा उपचार रूढ केला. १९२३ सालीं मेयो क्लिनिकमधील हार्ट आणि रिव्हर्स यांनीं या उपचारांतील कांहीं रोग्यांना मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि मूत्रपिंडांचा विकार होतो असें प्रसिद्ध केलें. चरकाच्या इशाऱ्याला आधुनिक रुग्णालयांतून मिळालेली ती साक्षच होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कल्पनेला एक नवें आणि अधिक विचारार्ह रूप मिळालें. १९६८ सालीं वाकमन आणि बर्नस्टाइन यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें असा तर्क मांडला कीं, आम्लधर्मी आहाराचा तोल सांवरण्यासाठीं शरीर हाडांतील अल्क खर्च करीत असावें आणि त्यामुळें उतारवयांत हाडें ठिसूळ होत असावींत. तर्क सुसंगत होता, आणि मांसाहारानें मूत्रांतील कॅल्शियम वाढतें हेंहि खरें होतें. परंतु हें कॅल्शियम हाडांतूनच येतें काय? पुढील प्रयोगांत दिसलें कीं, प्रथिनें अधिक घेतलीं असतां आंतडीं अन्नांतील कॅल्शियमहि अधिक शोषून घेतात. २००९ सालीं टॅनिस फेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब घातला, तेव्हां मूत्रांतील कॅल्शियम वाढूनहि शरीराच्या एकूण सांठ्यांत घट आढळली नाहीं. चांगला तर्क आणि सिद्ध झालेला तर्क यांत अंतर असतें तें असें.

हा सारा वाद विद्वानांपुरताच असता, तर आपला वेळ मीं घेतला नसता. परंतु त्यापायीं माणसें गेलीं आहेत. २००२ सालीं अमेरिकेंत ‘पीएच’चा चमत्कार सांगणारें एक पुस्तक निघालें आणि फार खपलें. त्याचा कर्ता डॉक्टर नव्हता. तरी तो कर्करोगासारख्या रोगांनीं गांजलेल्या लोकांना आपल्या मळ्यावर ठेवून त्यांच्या शिरांत खाण्याचा सोडा सोडीत असे. २०१६ सालीं सॅन डिएगो येथील ज्यूरीनें त्याला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरविलें, आणि २०१८ सालीं दुसऱ्या ज्यूरीनें एका कर्करोगग्रस्त स्त्रीला त्यानें १० कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्याच्या नादानें तिनें योग्य वेळीं घ्यावयाचे उपचार घेतले नव्हते. पैसा मिळेल, गेलेली वेळ कोठून मिळावी? अशा प्रचारांत १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे ऑटो वारबुर्ग यांचें नांव नेहमीं गोंविलें जातें. वारबुर्ग यांना तें पारितोषिक पेशींच्या श्वसनांतील एका एन्झाइमच्या संशोधनाबद्दल मिळालें होतें. अल्कधर्मी अन्नानें कर्करोग बरा होतो असें त्यांनीं सिद्ध केलेलें नाहीं. अर्बुदाच्या आसपास आम्लता वाढलेली असते खरी. पण ती त्या अर्बुदानेंच निर्माण केलेली असते, ताटांतल्या पोळीनें नव्हे.

मग राखेचें तें कोष्टक फेंकून द्यावें काय? नाहीं, त्याला त्याची जागा द्यावी. १९९५ सालीं रेमर आणि मान्त्स या जर्मन संशोधकांनीं तें सुधारून मांडलें, आणि मूत्रपिंडांवर किती आम्लाचें ओझें पडेल याचा अंदाज बांधण्यास तें उपयोगी पडतें. ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत त्यांना हें ओझें जड जातें. अशांना डॉक्टर सोडा देतात किंवा फळें व भाज्या वाढविण्यास सांगतात. मात्र त्याच फळांतील पोटॅशियम अशा रोग्यांना घातकहि होऊं शकतें, म्हणून तो निर्णय त्यांनीं स्वतः घ्यावयाचा नसतो. यूरिक आम्लाचे मुतखडे मूत्र अल्कधर्मी केल्यानें विरघळतात, हेंहि खरें. आणि भाज्या व फळें तर सर्वांनींच खावीं. त्यांत तंतु आहेत, जीवनसत्त्वें आहेत, पोटॅशियम आहे. चांगल्या सवयीला चुकीचें कारण दिलें, तर ती सवय टिकतेच असें नाहीं. आणि तेंच चुकीचें कारण पुढें एखाद्या रोग्याच्या हातून औषध काढून घेतें.

शेवटीं पुन्हां पटकीकडे येतों. १९७१ सालीं बांगला देशाच्या निर्वासितांनीं भरलेल्या बनगांवच्या छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजविलें. तीस टक्क्यांच्या घरांत असलेलें मृत्यूंचें प्रमाण चार टक्क्यांच्याहि खालीं आलें. पुढें अशा पुड्यांत सोड्याच्या जागीं सायट्रेट घालूं लागले, कारण तें अधिक टिकतें आणि शरीरांत जळून मागें अल्कच ठेवितें. लिंबाची राख अल्कधर्मी कां, याचें जें उत्तर तेंच याचें. ओशॉनेसीनें १८३१ सालीं पाहिलेलें सत्य १४० वर्षांनीं, तो जेथें शिकवीत होता त्याच बंगालच्या भूमीवर, असंख्य जीव वांचवूं शकलें. एकच सोडा, मळ्यावरच्या वैदूच्या हातीं तो फसवणूक झाला आणि छावणींतल्या डॉक्टरच्या हातीं जीवनदान. फरक सोड्यांत नव्हता. कोणत्या रोग्याचें काय गेलें आहे, हें आधीं मोजून पाहण्याच्या शिस्तींत तो होता.

तेव्हां श्रोतेहो, ताटांत लिंबाची फोड असूं द्या, पालेभाजी असूं द्या आणि भातहि असूं द्या. रक्ताचा तोल सांवरण्याचें काम फुप्फुसें आणि मूत्रपिंडें रात्रंदिवस करीत आहेत. तें त्यांच्यावर सोंपवावें. आणि तीं थकलीं असें वाटलें, तर कोष्टकाकडे न जातां वैद्याकडे जावें.